मुलांच्या हाती लागू देऊ नये

२ फेब्रुवारी

वन्सं,

पाकिटावर औषध कंपनीचं नाव बघून धसका घेऊ नका, घरात सगळे धडधाकट आहेत. आमच्या इस्पितळाच्या फार्मसीत ही पाकिटं ढिगाने पडलेली असतात. आणि फोनवरून तुम्हाला काही कळवायची सोय उरलेली नाही, कारण घरातला प्रत्येक फोन तुमच्या लाडक्या भाचीच्या, भिंगरीच्या बोटांखालून जातो. कागदाच्या पाकिटाकडे मात्र ती ढुंकूनही बघत नाही. पाकीट चमचमणारं आणि फुगलेलं असेल तरच तिला त्यात रस. ते रिकामं झालं की घडी घालून सोफ्याच्या फटीत. काल सोफा ओढला, तर मागे एकोणीस निघाली.

मुद्द्यावर येते. गेल्या गुरुवारी फुटबॉलच्या सरावात ती गोलच्या खांबाला धरून खाली बसली. डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे, फक्त उपाशी आहे. बारा वाजता शाळेचा डबा, चार वाजता चिप्स आणि बाटलीतलं फेसाळ पाणी, आणि पाच ते सात गोलात उड्या. पंधरा वर्षांचं शरीर झालं तरी ते चालणार कशावर?

२८ मार्चला शहराच्या संघाची निवड आहे. पूर्ण दीड तासाचा सामना. कोचबाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं की त्याआधी आणखी एकदा जरी ही अशी बसली, तर गोलात दुसरी मुलगी उभी राहील. त्या दिवसापासून भिंगरी उशीत तोंड खुपसून आहे. सहाव्या वर्षी हातमोजे घालून झोपायची ती, तुम्हीच तर आणले होते.

तेव्हा चार वाजताचं खाणं घरी करायचं मी मनावर घेतलंय. बिटाचे काप ओव्हनमध्ये कुरकुरीत केले. "आई, हे बुटाच्या तळासारखं लागतंय." म्हटलं, तू बुटाचा तळ कधी चाखलास? "आत्ताच." हरभरे भाजून दिले, ते तिने खिडकीतल्या कबुतरांवर नेम धरायला वापरले. दह्याबरोबर गाजर-काकडी दिली, तर विचारते, "मी आजारी आहे का?" तुमचे बंधुराज मात्र सगळं खातात आणि 'छान झालंय' म्हणतात. म्हणजे पदार्थात नक्की काहीतरी खोट आहे.

तुम्ही नाटक कंपनीचं रंगमंचावरचं सामान, तुमची ती 'प्रॉपर्टी', सांभाळता. भुसा भरलेली कोंबडी टेबलावर ठेवून पाचशे प्रेक्षकांच्या तोंडाला पाणी आणलंय तुम्ही. मला एका मुलीपुरती युक्ती हवी आहे.

तुमची,
वहिनी


९ फेब्रुवारी

वहिनी,

तुझे हरभरे चांगलेच असणार. गडबड अशी आहे की तू हरभऱ्यांबरोबर भाषण वाढतेस. "यात लोह आहे, यात तंतू आहेत, हे आतड्याला चांगलं." अगं, पंधराव्या वर्षी कुणाला आतडी असतात का?

आमच्याकडचा एक अनुभव सांगते. मेकअपच्या खोलीत सगळ्यांसाठी बिस्किटांचा डबा असतो. तो महिना महिना उघडत नाही. पण प्रवेशात खायची म्हणून मी प्रॉपर्टीच्या टेबलावर चार बिस्किटं ठेवते आणि वर चिठ्ठी, 'हात लावू नये'. पहिला अंक संपेपर्यंत दोन गायब. बिस्किटं त्याच डब्यातली! आणि चोर कोण, तर आमचे नायक. वय वर्षं पंचावन्न.

तेव्हा बंदी घाल. ओट्स, खजूर, शेंगदाणे, थोडा कोको, असे गोळे वळ. चवीला गोड होऊ दे, तिथे पथ्य नको. मग ते कपाटात ठेव आणि कुलूप लाव. किल्ली मात्र अशी लपव की सापडेल. पौष्टिक हा शब्द तोंडातून काढायचा नाही. ती आत आली की दचकायचं आणि कपाट घाईने बंद करायचं. तुला अभिनय येत नाही हे मला ठाऊक आहे. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या हातचं सूप प्यायलीस तेव्हा तू 'वा' म्हणालीस आणि डोळ्यांतून पाणी आलं. तरी प्रयत्न कर.

तुझी नणंद


१९ फेब्रुवारी

वन्सं,

तुमच्या तोंडात साखर पडो, तीही मोजून.

बंदी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच वस्तू आली. फार्मसीतून रुंद तोंडाची, तपकिरी काचेची कोरी बाटली आणली. लेबलच्या यंत्रावर लेबल काढलं: 'मुलांच्या हाती लागू देऊ नये. फक्त प्रौढांसाठी. परिश्रमापूर्वी अर्धा तास, एका वेळी दोन. चावून खाणे.' डोस लिहायची काय गरज होती, असं तुम्ही म्हणाल. पण वन्सं, डोस न लिहिता मी एखादी बाटली कपाटात ठेवणं म्हणजे तुम्ही पडदा न पाडता घरी जाणं. हात वळतच नाही.

गोळे वजनावर केले, प्रत्येकी पंधरा ग्रॅम, चोवीस नग. सोमवारी ती आली, मी दचकले. इतकी दचकले की कपाटाचं दार माझ्याच बोटावर आपटलं. "काय लपवतेस?" मी म्हटलं, "काही नाही, मोठ्यांचं आहे." आणि बोट चोखत बाहेर गेले.

मंगळवारी बावीस. बुधवारी अठरा. शुक्रवारी बाटली रिकामी, आणि किल्ली जागच्या जागी! सोफ्यामागे हात घालून पाहिला. नवीन पाकीट एकही नाही. सरावातही ती दोन तास उभी राहते आहे, मी कुंपणाबाहेरून पाहून आले.

तुमच्या बंधुराजांना मी सांगायचं विसरले होते. त्यांनी लेबल वाचलं, बाटली परत ठेवली आणि मला शेजारी बसवून विचारलं, "तुला काही होतंय का? माझ्यापासून लपवू नकोस." त्यांना खरं सांगितलं. आता तेही चोरतात, पण लेबलाप्रमाणे, एका वेळी दोन.

एकच काळजी. या आठवड्यात मी चाळीस केले आणि तीन दिवसांत संपले. एकटी मुलगी इतकं खाईल का?

वहिनी


२५ फेब्रुवारी

वहिनी,

वाढतं वय आहे. खाऊ दे. मी त्या वयात एकदा अख्खी पावाची लादी संपवली होती, दादाला विचार, अर्धी त्याची होती.

बाटली जरा मोठी कर. साठ केलेस तरी चालतील. शंभर केलेस तर उत्तमच.

आणि हे बघ, कुतूहल म्हणून तिच्या दप्तरात हात घालू नकोस. खेळाच्या पिशवीत तर नकोच. या वयात मुलींचा विश्वास जपावा लागतो.

नवीन नाटकाची गडबड आहे, म्हणून थोडक्यात.

नणंद


९ मार्च

वन्सं,

हे पत्र मी शाळेच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. आत मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर माझी तपकिरी बाटली, मोठी आणल्यावर अडगळीत टाकलेली ती पहिली, पुरावा म्हणून उभी आहे.

काल पाचला पाच मिनिटं कमी असताना कोचबाई सामानाच्या खोलीत चेंडू घ्यायला गेल्या. तिथे अकरा मुली गोल करून उभ्या होत्या. मधे बाटली. प्रत्येकीला दोन-दोन मिळत होते. बाटलीवर फक्त प्रौढांसाठी, परिश्रमापूर्वी अर्धा तास! कोचबाईंनी विचारलं, हे काय आहे? तर बचावफळीतली एक शहाणी म्हणाली, "बाई, याने दम लागत नाही."

झालं. 'ताकद वाढवणारं औषध, आई फार्मासिस्ट, थेट इस्पितळातून पुरवठा.' चौकशी होईपर्यंत भिंगरीला मैदानात पाय ठेवायला बंदी. निवडीला एकोणीस दिवस राहिलेत आणि गोलात ती दुसरी मुलगी उभी आहे. चक्कर येऊन हातमोजे गेले असते तर निदान नशिबाला नावं ठेवता आली असती. आता ते माझ्या लेबलमुळे जाताहेत. भिंगरी माझ्याशी बोलत नाही. कालपासून अन्नालाही शिवलेली नाही, चिप्ससुद्धा नाहीत.

आता तुमच्याबद्दल. बाटलीच्या दुसऱ्या बाजूला एक कवटी चिकटवलेली आहे. खाली दोन हाडं, आणि कवटीच्या एका डोळ्याला लांब पापण्या. असल्या पापण्या जगात एकच बाई रंगवते. मुखवटा असो, बाहुली असो, कागदाचा मासा असो, तुमच्या हातून पापणी सुटत नाही.

तुमच्या कुठल्या विश्वासाबद्दल मला तुम्ही उपदेश करत होता?

वहिनी


१३ मार्च

वहिनी,

कवटी माझी. पापण्याही माझ्या. शिव्या घाल, मी बसले आहे ऐकायला.

तुला वाटतं भिंगरी कागदाला शिवत नाही. मला तिची चार पत्रं आली आहेत, वहीच्या फाडलेल्या पानांवर. फोनवर का लिहीत नाहीस विचारलं, तर म्हणाली, "आईला फोनमधलं सापडतं." पहिलं पत्र २१ फेब्रुवारीचं आहे. जसंच्या तसं उतरवते:

'आत्या, आईने कपाटात गोळे लपवलेत आणि मी ते चोरावेत अशी तिची फार इच्छा आहे. ती इतकी वाईट दचकली की मला बघवेना. म्हणून चोरले. बरे लागतात. पहिल्या दिवशी नाइलाजाने दोन खाल्ले, आता खरंच भूक लागते. मैत्रिणींनाही हवे आहेत, पण बाटली फार सरकारी दिसते. तू काहीतरी भयंकर चिकटव ना. आईला सांगू नकोस, तिला वाटू दे की मी फसले. खूश आहे ती सध्या.'

मी कवटी रंगवून पाठवली. मग साठ कर, शंभर कर म्हणून तुला भरीला घातलं, कारण अकरा जणींचा हिशोब मला माहीत होता आणि तुला नव्हता. दप्तराचा उपदेश कवटी लपवायला होता. मला मजा वाटत होती, वहिनी. तुम्ही दोघी एकमेकींना फसवताय आणि दोघींची पत्रं माझ्या टेबलावर, असा प्रवेश मला आजवर कुठल्या नाटकात मिळाला नव्हता. त्या नादात तिची जागा जाईल, हे डोक्यात आलंच नाही.

मी येऊन कबुली देऊ का? म्हणशील तर उद्या निघते.

नणंद


१९ मार्च

वन्सं,

येऊ नका. तुम्ही आलात तर कोचबाईंना पापण्या लावाल.

तुमचं पत्र मी औषधांच्या कोठारात उभ्या उभ्या वाचलं. 'खूश आहे ती सध्या' या ओळीशी आल्यावर शिशीवर शिशी रचायच्या निमित्ताने बराच वेळ पाठमोरी राहिले. मग राग आला, तुम्हां दोघींचा. मग चौकशी आली.

चौकशी काल झाली. मुख्याध्यापिकाबाई, कोचबाई, शाळेची नर्स, आणि समोर मी. मी साहित्याची यादी नेली होती, वजनासकट, सवयीने. नर्सने भुवया चढवल्या. "कोको एवढा? नक्की कोकोच ना?" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "तुम्ही स्वतः खाऊन दाखवा." मी दोन खाल्ले. "दोनाने काय कळणार?" आठ खाल्ले, वन्सं. पाण्याशिवाय. दर पाच मिनिटांनी नर्स माझी नाडी बघत होती. नाडी एकशे दहा. ती म्हणाली, "बघा, परिणाम होतोय." मी म्हटलं, "हा परिणाम गोळ्यांचा नाही, तुमचा आहे."

तेवढ्यात कोचबाईंनी एक उचलला, हुंगला, खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्याला म्हणाल्या, "शेंगदाणे अजून थोडे भाजायला हवेत." सुटलो. भिंगरी आजपासून मैदानात, निवडीलाही उभी राहू शकते.

आता पुढचं ऐका. गोळे शाळेने मंजूर केले. पारदर्शक डबा, वर शाळेचा शिक्का, 'पौष्टिक खाऊ, सर्वांनी घ्यावा.' मैदानाच्या कडेला टेबलावर ठेवलाय. अकरा मुली त्याच्याकडे अशा बघतात, जणू त्यात गणिताच्या वह्या आहेत. एकीनेही हात लावला नाही. भिंगरीने तर मुळीच नाही. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत आईने बसून आठ गोळे चावले, ही गोष्ट तासाभरात शाळाभर झाली होती. ती माझ्याशी फक्त 'हं' आणि 'नको' एवढंच बोलते. चार वाजता काही खात नाही. आज सरावात दोनदा खांबाला टेकली. कोचबाईंनी पाहिलं. मीही पाहिलं.

नऊ दिवस उरले. काय करू?

वहिनी


२२ मार्च

वहिनी,

आता माझ्याकडे युक्ती नाही. असती तरी तू ती वापरू नयेस.

मागच्या सुट्टीत मी तुमच्याकडे आठ दिवस होते. त्यात भिंगरी चार वेळा ओट्याजवळ आली. एकदा अंडं उकडायला, एकदा नुसतीच. चारही वेळा तू म्हणालीस, "सरक, सांडशील." तू तिला खायला घालायला जिवाचं रान करतेस, पण त्या स्वयंपाकघरात तिला उभं राहायला जागा नाही. वजनकाट्याच्या डावीकडे तू, उजवीकडे तुझं फडकं.

या आठवड्यात दुपारची पाळी घे. पाचपर्यंत घरी येऊ नकोस. अंडी, पाव, केळी, ओट्स, खजूर, जे काय असेल ते समोर ठेव आणि जा. चिठ्ठी ठेवू नकोस. कृती लिहून ठेवू नकोस. विशेषतः डोस लिहू नकोस.

जमणार नाही तुला. तरी कर.

नणंद


२९ मार्च

वन्सं,

पाळी बदलून घेतली. पहिल्या दिवशी घरी आले तर सगळं जसंच्या तसं. दुसऱ्या दिवशी एक अंडं कमी, आणि तव्यावर काळा नकाशा. मी तो नकाशा घासला आणि तवा जागेवर ठेवला.

बुधवारी मुलींच्या सरावाला सुट्टी होती, आणि फार्मसीत माल उतरायचा म्हणून खिडकी बंद झाली, तशी मीही लवकर सुटले. साडेचारला दार उघडलं तर आत मिक्सर चालू, आणि मिक्सरच्या वरताण सहा मुलींचा कालवा. अख्खी बचावफळी माझ्या स्वयंपाकघरात! ओट्स पायाखाली करकरत होते. माझा वजनकाटा सिंकमध्ये पाण्याखाली होता. कोणीतरी ओरडत होतं, "मीठ घाल ना, नाहीतर तुझ्या आईच्यासारखे गुळमुळीत होतील." वन्सं, मी दारात पाच मिनिटं चपला काढत होते. दोनच चपला आहेत मला.

शेवटी भिंगरी बाहेर आली. कोपरापर्यंत कोको. मला बघून थबकली. मी म्हटलं, "मी जरा खाली जाऊन येते, भाजी राहिली." भाजीची पिशवी माझ्या हातातच होती, भरलेली. ती पिशवीकडे बघून म्हणाली, "बरं, ये मग सहाला." तुमच्या शब्दांत, माझा अभिनय. मी सहापर्यंत बागेच्या बाकावर दोन कोबी मांडीवर घेऊन बसून राहिले.

काल निवड झाली. येऊ नकोस, असं तिने बजावलं होतं, म्हणून आम्ही दोघं पाण्याच्या टाकीमागे उभे होतो. तुमचे बंधुराज वाकून बघत होते, मी त्यांच्या काखेतून. सामन्याआधी तिने खिशातून कागदाची पुडी काढली. त्यातले गोळे लांबूनही दिसत होते. एक लिंबाएवढा, एक मुठीएवढा. आमच्या फार्मसीच्या खिडकीवर असला माल आला असता तर मी सहीसुद्धा केली नसती.

पाऊण तास बरा गेला. सव्वा तास झाला. शेवटच्या दहा मिनिटांत ती एकदम खाली वाकली, दोन्ही हात गुडघ्यांवर. कोचबाई बाकावरून अर्ध्या उठल्या. दुसरी मुलगी हातमोजे चढवायला लागली. तुमच्या बंधुराजांनी माझं मनगट इतकं आवळलं की अजून वळ आहे. भिंगरीने बुटाची नाडी बांधली. मग दुसऱ्या बुटाची. मग उठली आणि बचावफळीवर अशी खेकसली की रस्त्यापलीकडच्या गॅलरीतली माणसं बाहेर आली. त्यातले दोन शब्द मी तुम्हाला लिहू शकत नाही. एरवी मी असे शब्द ऐकून घेतले नसते. काल मात्र टाकीला टेकून नीट ऐकून घेतले. उपाशी मुलीच्या पोटातून एवढा आवाज निघत नाही.

संध्याकाळी यादी लागली. आहे ती.

घरी आली, हात-पाय चिखलाने माखलेले, आणि पुडीत उरलेला शेवटचा गोळा माझ्यापुढे धरला. "खा. आणि खरं सांग." आत कच्चा होता, बाहेर खारट होता, आणि मधे खजुराचं अख्खं बी. मी ते बी जिभेने गालात सरकवलं, गोळा संपवला आणि काही सुचवलं नाही.

वन्सं, 'काही सुचवलं नाही' हे शब्द पुन्हा एकदा वाचा.

तुमची,
वहिनी